पैशाची काळजी आणि खर्चाची वही

झोप लागत नाही, छातीत धडधडते, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना तपासणीनंतर मी विचारतो, 'घरखर्चाची ओढाताण आहे का?' बरेच जण मान डोलावतात. पण पैसा नेमका जातो कुठे, हे त्यांना सांगता येत नाही. हिशेब माहीत नसला की काळजी वाढतच जाते.

उपाय साधा आहे. एक वही घ्या. महिनाभर रोज रात्री दिवसाचा खर्च लिहा. मोबाइलवरून दिलेले पैसेही लिहा. महिनाअखेरीस तीन रकाने पाडा: आवश्यक, पुढे ढकलता येणारा आणि टाळता येणारा खर्च. तंबाखूवर रोज २० रुपये गेले, तर वर्षाला ७,३०० रुपये होतात! वही पती-पत्नीने मिळून लिहावी, एकमेकांचे दोष काढण्यासाठी नव्हे.

मात्र काटकसर म्हणून रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी परस्पर बंद करू नका. गोळी बंद करून रक्तदाब वाढला, तर पक्षाघाताचा धोका असतो. त्याऐवजी डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातील स्वस्त औषध घ्यावे. एवढे करूनही दोन आठवडे मन उदास राहिले, तर डॉक्टरांना भेटा किंवा १४४१६ या 'टेलिमानस'च्या मोफत क्रमांकावर मोकळेपणाने बोला.