माय पो : उघाडीच्या आधारावरचे पक्षिजीवन

हाँगकाँगला जाणाऱ्या भारतीय प्रवाशाच्या कार्यक्रमात बाजारपेठा, गगनचुंबी इमारती आणि रात्रीची रोषणाई यांना अग्रस्थान असते. तेथील वायव्य टोकाला, डीप बे या उथळ उपसागराच्या काठी असलेल्या माय पो पाणथळीकडे फारच थोडे वळतात. तेथे शासनाच्या परवान्याशिवाय प्रवेश नाही. अन्यथा जागतिक वन्यजीव निधीच्या मार्गदर्शकासमवेत काढल्या जाणाऱ्या सहलीत आधी नाव नोंदवावे लागते. एवढी खटपट करून आत गेल्यावर अस्पर्श अरण्य दिसेल, ही अपेक्षा मात्र फोल ठरते. समोर दिसतात ते बांध, चर आणि पाण्याची दारे. कोकणातील पाहुण्यास आपण खारजमिनीवरच आलो की काय, असे क्षणभर वाटावे.

ही तळी ‘गेई वाई’ या नावाने ओळखली जातात. 1940 च्या दशकाच्या मध्यास चीनच्या मुख्य भूमीवरून आलेल्या लोकांनी ती कोळंबीसाठी तयार केली. एकेक तळे सुमारे 10 हेक्टरांचे. मध्यभागी खारफुटी तशीच राखलेली, सभोवार चर व बांध, आणि उपसागराच्या बाजूस एक दार. रायगडकडे अशा दारास उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. आपल्याकडे भातशेतीसाठी खारे पाणी बाहेर ठेवणे हे त्याचे मुख्य काम. माय पो येथे नेमके उलटे. शरद ऋतूत भरतीच्या वेळी दार उघडले की पाण्याबरोबर कोळंबीची पिले आत येतात. खारफुटीची गळलेली पाने कुजून जे अन्न बनते त्यावर ती वाढतात, वेगळे खाद्य घालावे लागत नाही. उन्हाळ्यात रात्रीच्या ओहोटीला दाराशी जाळे लावून पाणी सोडले की कोळंबी हाती येते.

पुढे उपसागराचे पाणी दूषित होत गेले आणि कोळंबीचे उत्पन्न घटले. 1970 च्या दशकात अनेक तळी खोल करून त्यांत मत्स्यशेती सुरू झाली. 1975 मध्ये या भागात प्रवेशावर निर्बंध आले आणि 1983 पासून व्यवस्था वन्यजीव निधीकडे आली. तळी तशीच सोडून दिली असती तर गाळ साचून, बोरू माजून उघडे पाणी नाहीसे झाले असते. निसर्ग राखणे म्हणजे त्याला हात न लावणे, ही समजूत येथे लंगडी पडते. म्हणून उघाडीचे काम चालू ठेवण्यात आले, फक्त हेतू बदलला. हिवाळ्यात एकेका तळ्याचे पाणी पाळीपाळीने उतरवतात. बाजारात किंमत नसलेली बारीक मासळी उथळ पाण्यात उरते आणि बगळे, चमचे तिच्यावर तुटून पडतात. आपल्या नांदूर मध्यमेश्वरला येणारी थापट्या आणि तलवार बदकेही येथे हिवाळा काढतात.

काळ्या तोंडाचा चमचा हा येथील मानाचा पाहुणा. 1990 च्या सुमारास जगभरात हे पक्षी तीनशेसुद्धा उरले नव्हते. अनेक देशांतील संरक्षणामुळे अलीकडच्या गणनांत ते सहा हजारांवर गेले आहेत. 1995 मध्ये माय पो व उपसागराचा अंतर्भाग रामसर यादीत दाखल झाला. नांदूर मध्यमेश्वरला तो मान 2020 मध्ये मिळाला.

प्रवाशाने नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा आणि निघण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक अवश्य पाहावे. सीमेच्या कुंपणापलीकडे खारफुटीतून तरंगती पायवाट निरीक्षण-कुटीपर्यंत जाते. तिच्यासाठी सीमाक्षेत्राचा वेगळा परवाना लागतो. ओहोटीच्या वेळी पक्षी दूर चिखलात ठिपक्यांसारखे दिसतात. पाणी चढू लागले की ते मागे सरत सरत कुटीच्या अगदी समोर येतात, आणि त्यांच्या पाठीमागे, उपसागराच्या पलीकडच्या तीरावर, शेन्झेनच्या इमारतींची रांग उभी असते.