गाव हेच शेवटचे वर्ष
कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांचा ग्रामीण कार्यानुभव

पावसाळ्याचे पहिले काही दिवस उलटले, की महाराष्ट्रातील अनेक गावांत एक परिचित दृश्य दिसू लागते. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पाच-दहा तरुण विद्यार्थी येऊन थांबतात. अंगात महाविद्यालयाचे नाव असलेला सदरा, हाती कोरी नोंदवही. सरपंच त्यांना गुलाबपुष्प देतात, छायाचित्र निघते आणि दोन दिवसांनी 'कृषिदूतांचे गावात स्वागत' अशा मथळ्याचे वृत्त जिल्ह्याच्या दैनिकात येते. कृषी पदवीच्या चौथ्या वर्षातील हे विद्यार्थी. मुलांना कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या ही नावे आता खेड्यापाड्यांत चांगलीच रुळली आहेत.

माहिती खात्यात काम करणाऱ्या माणसाच्या टेबलावर अशी वृत्ते दरवर्षी येतात. स्वागताचे वृत्त येते, वृक्षारोपणाचे येते आणि अखेरीस निरोप समारंभाचे येते. या दोन समारंभांच्या मधल्या काळात विद्यार्थी गावात नेमके काय शिकले, हे मात्र वृत्तात क्वचितच असते. प्रस्तुत लेखाचा विषय तो मधला काळ आहे.

या मुक्कामाला ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम असे म्हणतात. कृषी शिक्षणाचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या रंधावा समितीने १९९२ मध्ये त्याची शिफारस केली आणि पुढे देशभरच्या कृषी विद्यापीठांनी तो पदवी अभ्यासक्रमाचा भाग केला. २०१५ पासून तो विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या एका व्यापक राष्ट्रीय योजनेत समाविष्ट झाला. आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चारही कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांत तो राबविला जातो. विद्यार्थ्यांचे लहान गट पाडले जातात, प्रत्येक विद्यार्थ्याला एक यजमान शेतकरी नेमून दिला जातो आणि त्या शेतकऱ्याच्या शेतावर खरिपापासून रब्बीच्या पेरणीपर्यंत त्याने कामात सहभागी व्हावे, अशी अपेक्षा असते. सोबतीला कृषी विज्ञान केंद्र आणि एखादा कृषी उद्योग येथीलही काही आठवड्यांचा अनुभव असतो. महाविद्यालयातील कार्यक्रम अधिकारी अधूनमधून येऊन काम पाहतात व गुण देतात.

शिक्षणाला कामाची जोड देण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना मांडली. सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा व शिका' हे सूत्र वसतिगृहांतून आणि १९४७ मध्ये स्थापन झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयातून प्रत्यक्षात आणले. मात्र त्या प्रयोगांत आणि आजच्या आंतरवासितेत एक भेद आहे. कर्मवीरांचा विद्यार्थी आपल्याच संस्थेच्या शेतावर राबत होता. आंतरवासितेतील विद्यार्थी दुसऱ्याच्या कारभारात शिरतो. तेथे त्याच्या हातून काही बिघडले, तर नुकसान त्या दुसऱ्या माणसाचे होते. या कार्यक्रमाचे खरे शिक्षण याच ठिकाणी सुरू होते.

एका दैनंदिनीतील पान

मराठवाड्यातील एका गावी गेल्या काही वर्षांत मुक्कामाला असलेल्या एका गटाची दैनंदिनी पाहण्याचा योग आला. तिच्यातील एक नोंद येथे सांगण्यासारखी आहे.

यजमान शेतकऱ्याकडे घरचे हरभऱ्याचे बियाणे होते. कोठीत ठेवलेल्या या बियाण्याला मध्यंतरी भुंगा लागलेला, त्यामुळे ते पेरावे की बाजारातून पिशवी आणावी, असा प्रश्न होता. उगवणक्षमतेची चाचणी घेण्याचे काम त्याच्याकडे नेमलेल्या कृषिकन्येकडे आले. ही चाचणी दिसायला अगदी सोपी आहे. बियाण्याच्या निरनिराळ्या भागांतून सरसकट, न निवडता शंभर दाणे घ्यावयाचे, ओल्या गोणपाटावर किंवा कागदावर ओळीने मांडावयाचे, गुंडाळी करून सावलीत ठेवावयाची आणि ती सतत ओलसर राखावयाची. आठव्या दिवशी गुंडाळी उघडून मूळ व कोंब दोन्ही निरोगी असलेली रोपेच तेवढी मोजावयाची. नुसता मोड आलेला, वाकडा किंवा कुजका दाणा मोजणीत धरावयाचा नसतो. हरभऱ्याच्या प्रमाणित बियाण्यासाठी किमान ८५ टक्के उगवणक्षमता आवश्यक मानली जाते.

पहिली चाचणी मांडल्यावर ही विद्यार्थिनी सणासाठी दोन दिवस घरी गेली. परत येऊन पाहते तो गुंडाळी कोरडी पडलेली. आठव्या दिवशी मोजणी केली, ५८ रोपे भरली.

आता तिच्यापुढे तीन मार्ग होते. वहीत ८६ किंवा ८८ लिहिणे सर्वांत सोपे. आधीच्या तुकड्यांचे अहवाल वसतिगृहात उपलब्ध असतात आणि त्यांतील आकडे असेच गोल व समाधानकारक असतात. दुसरा मार्ग ५८ हा आकडा जसाच्या तसा कळविण्याचा. तो वरवर प्रामाणिक दिसतो. परंतु त्यामुळे शेतकऱ्याने चांगले बियाणे बाजूला टाकले असते व पिशवीसाठी उसनवारी केली असती. तिसरा मार्ग म्हणजे चाचणी आपल्या हातून बिघडली, हे सांगणे. त्यात पुन्हा आठ दिवस जाणार होते आणि रब्बीत जमिनीतली ओल कोणासाठी थांबत नाही.

तिने तिसरा मार्ग धरला. "काका, पुन्हा लावावी लागेल," असे तिने सांगितले तेव्हा शेतकऱ्याने एकच विचारले, "चूक बियाण्याची का तुझी, तेवढं सांग पोरी." "माझी," ती म्हणाली. त्याने घरात जाऊन दुसरी ओंजळ आणून दिली. या वेळी सोबतच्या दोघींनी पाळी लावून गुंडाळी ओली ठेवली. मोजणी ८१ भरली.

८१ म्हणजे आवश्यकतेपेक्षा किंचित कमी. पण टाकून देण्यासारखे नव्हे. हेक्टरी ७० किलो बियाणे लागते असे धरले, तर ८५ ऐवजी ८१ टक्के उगवणीसाठी सुमारे साडेतीन किलो बियाणे अधिक वापरले की रोपांची संख्या राखता येते. ५८ हाच आकडा खरा मानला असता, तर तीस किलोंहून अधिक बियाणे जास्त लागले असते आणि तसे कोणी पेरले नसते. त्रैराशिकाचे हे साधे गणित शाळेत सर्वांनीच केलेले असते. एका कुटुंबाचा रब्बी हंगाम त्यावर अवलंबून आहे, हे कळल्यावर मात्र ते निराळ्या मनाने केले जाते.

या प्रसंगातून शास्त्रापेक्षा वेगळीच गोष्ट शिकली गेली आणि तिला अभ्यासक्रमात स्वतंत्र तास नाही. आपल्या नोंदीवर दुसरा माणूस विसंबणार आहे, या जाणिवेला व्यवसायनिष्ठा म्हणावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वेळेवर येणे, नीटनेटका पोशाख, नम्र भाषण यांचे महत्त्व आहेच. पण ती बाहेरची अंगे झाली.

कोणी पाहत नसताना

मातीचा नमुना घेण्याचे काम यापेक्षाही कसोटीचे आहे. शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे सुमारे वीस सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावयाचे, खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासून घ्यावयाची, ती सर्व एकत्र करून तिचे चार भाग करावयाचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यावयाचे आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावयाचे. बांधालगतची, झाडाखालची, खत टाकलेल्या ढिगाजवळची माती घ्यावयाची नाही. दुपारच्या उन्हात आठ-दहा खड्डे काढणे त्रासाचे असते, आणि सावली नेमकी बांधावरच्या झाडाखाली असते! तेथली अर्धा किलो माती पिशवीत भरली, तर प्रयोगशाळेला त्यातले काही कळत नाही. यंत्र त्या मातीचे अचूक विश्लेषण करते, आरोग्य पत्रिका छापून येते आणि शेतकरी त्या पत्रिकेवरून खताची मात्रा ठरवतो. सगळी साखळी निर्दोष आणि पहिला दुवाच खोटा.

बोर्डो मिश्रणाचे उलट आहे. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना शंभर लिटर पाण्यासाठी घेतात. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओततात. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची लागतात. लोखंडाची चालत नाहीत. नंतर त्यात स्वच्छ लोखंडी चाकू थोडा वेळ बुडवून पाहावयाचा. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद मोकळे राहिले आहे व पाने करपण्याचा धोका आहे, म्हणून आणखी चुन्याची निवळी घालावयाची. येथे चाकू लगेच खरे सांगतो. म्हणून प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्यांना हे काम आवडते. मातीच्या नमुन्यात खरे सांगणारे कोणी नसते.

मूल्यमापन करणाऱ्या प्राध्यापकांनी या भेदाकडे लक्ष द्यावे असे सुचवावेसे वाटते. आज पुष्कळ ठिकाणी अहवालाची जाडी, छायाचित्रांची संख्या आणि वृत्तपत्रातील कात्रणे यांना वजन मिळते. (कात्रणे आमच्या खात्याच्या जिव्हाळ्याची, तरीही हे म्हणणे भाग आहे.) बिघडलेली चाचणी व ती पुन्हा केल्याची नोंद ज्या दैनंदिनीत आहे, तिला गुण अधिक मिळाले पाहिजेत. एकाही चाचणीत काहीच न बिघडलेली दैनंदिनी तपासनीसाने संशयानेच उघडावी.

यजमान गावाचा वाटा

विद्यार्थ्यांकडून अपेक्षा करताना गावानेही आपल्याकडे पाहावयास हवे. अनेक गट रोज शहरातून ये-जा करतात. कारण गावात राहण्याची सोय नसते. मुलींच्या गटासाठी सुरक्षित खोली, पाणी आणि स्वच्छतागृह मिळाले, तर पहाटेचे दूध काढणे, रात्रीची पाण्याची पाळी यांसारखी शेतीतील खरी कामे त्यांना पाहता येतील. दहा ते पाच या वेळेत शेतीचा अर्धाच भाग दिसतो.

दुसरी बाब कामाच्या निवडीची. वृक्षारोपण व प्रभातफेरी चांगलीच. पण त्यासाठी चार वर्षे शेतीशास्त्र शिकण्याची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीने विद्यार्थी येण्यापूर्वीच कृषी विभागाच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्याबरोबर बसून आपल्या गावाला कशाची माहिती हवी आहे ते ठरवावे. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यात मोठ्या संख्येने आल्या होत्या. घरच्या बियाण्याची चाचणी पेरणीपूर्वी घेण्याचे महत्त्व तेव्हा सर्वांना पटले. सोयाबीनचा दाणा नाजूक. आपटला तरी त्याचे कवच दुखावते. विद्यार्थी खरिपाच्या पेरणीपूर्वी सहसा पोचत नाहीत, तथापि काढणी व साठवण त्यांच्या मुक्कामातच येते. तेव्हाच पुढील वर्षाचे बियाणे कसे ठेवावे, हे काम त्यांच्याकडे देता येईल. रब्बीच्या पेरणीआधी हरभरा व गहू यांच्या चाचण्या तर त्यांच्याच हातून व्हाव्यात.

हा विचार कृषीपुरता मर्यादित नाही. बी.एड. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि त्यात वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता आली. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम कारखान्यांना लागू आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून अनेक युवक कार्यालयांत रुजू झाले. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या इतर शाखांतही प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आले आहे. म्हणजे यापुढे शाळेचा मुख्याध्यापक, पंचायत समितीचा अधिकारी व सरपंच यांच्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी यजमान व्हावे लागणार. अशा वेळी नवख्या मुलाला कोपऱ्यातील खुर्ची देऊन आवक-जावक नोंदवही पुढे सरकवणे हे आपल्या सोयीचे असते. त्याला एक निश्चित काम, ते पुरे करण्याची मुदत आणि ते ज्याच्या उपयोगाचे आहे त्या नागरिकाची भेट, एवढे दिले तरी पुरेसे आहे. शाळेतील छात्राध्यापकाला एखाद्या मागे पडलेल्या वर्गाच्या वाचनाची जबाबदारी द्यावी आणि वर्षाअखेर त्या मुलांच्या पालकांसमोर त्याने बसावे. भीती वाटेल, वाटू द्यावी.

वर उल्लेखिलेल्या गावाच्या ग्रामपंचायतीने त्यानंतर एक प्रथा सुरू केली. गट निघताना त्याच्या नोंदींची एक प्रत कार्यालयात ठेवून घेतली जाते आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी वाचावयास दिली जाते. हरभऱ्याच्या पानावर ५८ हा आकडा खोडलेला नाही. त्याच्यापुढे 'गुंडाळी कोरडी पडली, चाचणी रद्द' असे लिहून तारीख घातली आहे, आणि खाली दुसऱ्या शाईत ८१.