पंपावरची हवा शॉकला नको

प्रश्न : माझी 2010 ची हार्ले रोड किंग आहे. मागच्या एअर शॉकमध्ये हवा भरली तरी दोन दिवसांत गेजचा काटा खाली येतो. वर्कशॉपमधला मुलगा म्हणतो, दोन्ही शॉक बदला. बदलू का?

उत्तर : घाई नको. हवा कशाने भरली, ते आधी त्याला विचारा. टायरच्या कॉम्प्रेसरने भरली असेल, तर कपाळाला हात! या शॉकमध्ये हवेला जागा जेमतेम. एका झटक्यात सील जाऊ शकतं. छोटा हातपंपच वापरायचा. साधा गेज लावता-काढतानाही थोडी हवा फुस्सकन निसटते आणि तेवढ्यानेही काटा बराच उतरतो. तुमची ‘गळती’ कदाचित एवढीच असेल.

खरी गळती साबणाच्या पाण्याने कळते. व्हॉल्व्हच्या तोंडाशी, नळीच्या जोडांवर ब्रशने लावा. तिथे बुडबुडे आले तर व्हॉल्व्हची पिन किंवा ओ-रिंग बदलून भागेल. शॉकवरून तेल ओघळलेलं दिसलं, तर मात्र पोराचं म्हणणं खरं.

हे सगळं तुमच्यासमोर करायला सांगा. पोरगा नवीन असेल, त्याच्यावर चिडू नका. सीनियर मेकॅनिकला बोलवा आणि बुडबुडे कुठे आले ते जॉब कार्डावर लिहून घ्या. हवा सोडताना मात्र हळू. सोबत तेल उडून मागच्या ब्रेकवर बसतं.