गोबी दिसत नाही? दगडाला हात लावू नकोस

अगं, रात्री साडेअकराला तुझं नाव फोनवर दिसलं तेव्हा मला वाटलं घरात कोणाला तरी बरं नाही. आणि तू रडत काय सांगतेस, तर "ताई, गोबी पाच दिवस दिसला नाहीये, मी सगळे दगड बाहेर काढून बघते." थांब. आधी हात पूस आणि खुर्चीवर बस. दगड जिथे आहेत तिथेच राहू देत.

खरं सांगू का, पिवळा वॉचमन गोबी हा मासा नव्या टाकीत आला की आठवडाभर, कधी कधी दोन आठवडेसुद्धा तोंड दाखवत नाही. समुद्रातून पकडला, पिशवीत घातला, दुकानाच्या काचेत ठेवला, पुन्हा पिशवी, आणि आता तुझा हॉल. बोटाएवढा जीव तो, त्याला सगळ्यात आधी पाठ टेकायला बीळ हवं असतं. तू दगड उचललास तर ते बीळ ढासळणार, आणि परत ठेवताना दगड नेमका त्याच्याच अंगावर बसायचा. आज फक्त अमोनिया आणि नायट्राइट तपास. दोन्ही शून्य असतील आणि तुझी क्लाउनफिशची जोडी नीट श्वास घेत असेल, तर शांत झोप.

हा मासा पोहणारा नाही गं, बसणारा आहे. आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या बघितल्यास ना? त्या याच्याच गोतावळ्यातल्या. गोबीचे पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखे झालेले असतात, त्यावर तो टेकून राहतो. म्हणून उद्या तो तळाशी नुसता बसलेला दिसला तर "आजारी आहे" म्हणून औषध ओतू नकोस. तांबं असलेलं औषध तर नाहीच नाही. त्याने तुझी कोळंबी मरेल, आणि ते तांबं दगडात, वाळूत मुरून बसतं.

कोळंबीवरून आठवलं. परवा दबक्या आवाजात विचारलंस ना, "रात्री काच तडकल्यासारखा आवाज येतो, टाकी फुटणार का?" मीही पहिल्या वर्षी रात्री दोनला उठून, टॉर्च घेऊन, टाकीचा कोपरा न् कोपरा बोटाने चाचपला होता. काच धड होती. आवाज त्या कोळंबीचा, पिस्टल श्रिंपचा. ती मोठी नांगी इतक्या झपाट्याने मिटते की पाण्याची चिळकांडी उडून एक बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा फुटल्याचा तो आवाज. नांगीची दोन पाती एकमेकांवर आपटल्याचा नव्हे, हे संशोधकांनी 2000 साली दाखवून दिलं. तुझ्या काचेला त्याने काही होत नाही.

आणि गोबी-कोळंबीची ही जोडी जमली ना, की तू स्वयंपाक विसरून बघत बसशील. कोळंबीला धड दिसत नाही. दिवसभर बीळ खणायचं, वाळू नांगीने ढकलत बाहेर आणायची, हे तिचं काम. बाहेर येताना तिची एक मिशी गोबीच्या अंगावर टेकलेली असते. गोबी दारात बसून पहारा करतो. काही हललं की शेपटी थरथरवतो, आणि ती झटकन आत. धोका मोठा असेल तर तोही तिच्यामागे डोकं खाली करून बिळात. घर तिचं, डोळे त्याचे. दोघं एकमेकांना सापडायला वेळ लागतो, कधी महिनाही. त्यांना हाताने जवळ ढकलायला जाऊ नकोस.

पण ती खणते म्हणूनच दगडांचं विचारते. दगड वाळूवर ठेवलेस की काचेवर? वाळूवर असतील तर बघ, ती खालून पोखरणार आणि एक दिवस सगळा डोलारा कोसळणार. खालचे दगड थेट तळाच्या काचेवर बसवायचे आणि वाळू नंतर भोवती घालायची. पाच-सात सेंटिमीटर जाडी पुरे. नुसती पिठासारखी बारीक वाळू नको, थोडे शिंपल्यांचे तुकडे, बारीक खडे मिसळ. नुसत्या वाळूचं बीळ टिकत नाही. तुझे दगड वाळूवर असतील तरी आज काही करू नकोस. गोबी बाहेर येऊन खायला लागला की मी स्वतः येईन, दोघी मिळून करू.

"टाकीत कोरल नाहीत, म्हणून तो लपतो का?" असंही विचारलंस. अजिबात नाही. त्याला वाळू आणि भोक हवं, कोरल नको. आणि कोरलचा मोह तू आवरलास याचं मला कौतुक आहे. आपल्याकडे दगडी प्रवाळ, समुद्रपंखे हे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. कोणी दुकानदार हळूच "मागच्या खोलीत आहे, देतो" म्हणाला तरी पाय मागे घे. प्रवाळ बघायचे तर मालवणला जाऊ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या पाण्यात आहेत. तुझे सिरॅमिकचे दगड छान आहेत, दोन महिन्यांत त्यांच्यावर जांभळट-हिरवट रंग चढेल.

आता पाणी. इथे मी एकदा मासा गमावलाय, म्हणून जरा ओरडूनच सांगते. पाणी आटलं की मी खारं पाणीच भरत गेले. मला वाटलं समुद्राचा मासा, समुद्राचंच पाणी. पण आटतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. दीड महिन्यात क्षार इतके वाढले की माझा पहिला गोबी गेला. फार रडले होते तेव्हा. तू टाकीच्या काचेवर मार्करने रेघ मार आणि रोज सकाळी चहा ठेवताना त्या रेघेपर्यंत आरओचं गोडं पाणी घाल. खारं पाणी फक्त आठवड्याला दहा टक्के बदलताना, आणि तेही आदल्या दिवशी मत्स्यालयाचं मीठ विरघळवून, पंप लावून ठेवलेलं. घनता 1.025. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. आणि कोणी चौपाटीवरून कॅन भरून आणायला निघालं तर त्याला दारातच अडव. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात तर त्यात गोडं पाणीही मिसळलेलं असतं.

मे महिन्याची तुझी धास्ती बरोबर आहे. पाणी 24 ते 26 अंश असावं, आणि आपल्या घरात ते एप्रिलपासूनच वर चढतं. चिलर महाग आहे, पण आधी एक छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा लाव. दोन-तीन अंश सहज उतरतात, पाणी मात्र जास्त आटतं, रेघ विसरू नकोस. दिवे दुपारऐवजी संध्याकाळी लाव. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच. तो आजच मागव, फिल्टर दुसरा कुठला घ्यावा याचा विचार नंतर कर.

आणि झाकण! काचेचं पक्कं झाकण नको, गरमी कोंडते. बारीक जाळीची चौकट करून घे, वायर जाते तिथली फटसुद्धा बंद कर. गोबी घाबरला की उडी मारतो. माझा दुसरा मला सकाळी सोफ्यामागे वाळलेला मिळाला, बोटभर फटीतून गेला होता.

खाण्याचं सोपं आहे. गोठवलेले मायसिस, ब्राइन श्रिंप, थोडे बुडणारे बारीक दाणे. पिपेटने बिळाच्या तोंडाशी हळूच सोड, नाहीतर क्लाउनफिश वरच्या वरच फस्त करतात. दिवसातून दोनदा, चिमूटभर. दुसरा वॉचमन गोबी "सोबत म्हणून" आणू नकोस, जोडी नसेल तर मारामारी होते. हॉकफिश आणि डॉटीबॅक तर या घरात नकोतच. एक तुझ्या कोळंबीला खाईल, दुसरा गोबीला बिळातून डोकं काढू देणार नाही. फायरफिश चालेल, तोही भित्राच आहे बिचारा.

आता ऐक. दिवे बंद होऊन तासभर होऊ दे. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लाव आणि डाव्या कोपऱ्यातल्या त्या चपट्या दगडाखाली बघ, जिथे काल वाळूचा नवा ढीग दिसला म्हणालीस. काचेला नाक लावू नकोस, हातभर लांबून बघ. दिसला तर मला लगेच फोटो पाठव, कितीही वाजले असले तरी. नाही दिसला तर उद्या सकाळी रेघेपर्यंत पाणी घाल, बिळाशी चार मायसिस सोड आणि ऑफिसला जा. मी संध्याकाळी येतेच.