मनाची लस

न्यूझीलंड हा दक्षिण गोलार्धातील एक लहानसा देश. त्याच्या दक्षिण बेटावर क्राइस्टचर्च नावाचे उद्यानांनी नटलेले शहर आहे. १५ मार्च २०१९ रोजी, शुक्रवारी, दुपारच्या नमाजासाठी तेथील दोन मशिदींत लोक जमले होते. त्यांत वृद्ध होते, तरुण होते, वडिलांचे बोट धरून आलेली मुले होती. काही जण भारतातून जाऊन तेथे स्थायिक झालेले होते. एक बंदूकधारी मनुष्य पहिल्या मशिदीच्या दाराशी आला, तेव्हा दारातील एका गृहस्थाने त्याला ‘बंधू’ अशी हाक मारून त्याचे स्वागत केले. त्या स्वागताला गोळ्यांनी उत्तर मिळाले. दोन्ही मशिदींवरील हल्ल्यांत मिळून ५१ माणसांचे प्राण गेले.

मारेकरी या माणसांना ओळखत नव्हता. त्यांनी त्याचे काहीही वाईट केलेले नव्हते. मग इतका भयंकर द्वेष त्याच्या मनात आला कोठून? हा प्रश्न साऱ्या जगाला पडला. न्यूझीलंड सरकारने नेमलेल्या आयोगाने या प्रकरणाची कसून चौकशी केली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. मारेकऱ्याला जिवाभावाचे मित्र जवळजवळ नव्हते. लहानपणापासून तो संगणकापुढे एकटाच बसत असे व त्याच्यावर कोणाची देखरेख नसे. आपल्याला माहिती व प्रेरणा मुख्यतः यूट्यूबवरील चित्रफितींतून मिळाली, असे त्याने स्वतःच सांगितले. ज्या विचाराने त्याच्या हाती शस्त्र दिले, तो विचार त्याच्या एकांतात थेंबाथेंबाने झिरपत आला होता.

हे विष मनात कसे भिनते, याचा अभ्यास आज अनेक देशांतील विद्वान करीत आहेत. समाजमाध्यमे चालविणाऱ्या कंपन्यांची मिळकत मुख्यतः जाहिरातींवर अवलंबून असते. प्रेक्षक जितका वेळ खिळून राहील, तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखविता येतात. म्हणून एक चित्रफीत संपताच यंत्र दुसरी पुढे करते. मनुष्याने आधी काय पाहिले, कशावर तो थबकला, याचा हिशेब करून ही निवड होते. परंतु राग व भय यांनीही मनुष्य खिळून राहतो, ही यातील मोठी मेख आहे.

स्वित्झर्लंड व ब्राझील येथील काही संशोधकांनी यूट्यूबवरील ३४९ वाहिन्यांच्या ३ लाख ३० हजारांहून अधिक चित्रफिती आणि त्यांखाली लोकांनी लिहिलेले ७ कोटींहून अधिक अभिप्राय तपासले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांना असे आढळून आले, की प्रारंभी सौम्य मतांच्या वाहिन्यांवर रमणारे कित्येक लोक पुढे अधिकाधिक जहाल वाहिन्यांकडे वळत गेले.  हे लोक एकेक पायरी चढत गेले होते.

मग सारा दोष यंत्राचाच म्हणावयाचा काय? तसे म्हणता येत नाही. २०१९ साली यूट्यूबने शिफारशीच्या पद्धतीत बदल केले. त्यानंतरच्या काळातील निरीक्षणांवर आधारलेला ब्रेंडन नायहन व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिरेकी चित्रफिती पाहणारे लोक संख्येने थोडेच असून, त्यांपैकी बहुतेकांच्या मनात इतर समाजगटांविषयी आधीपासूनच कटुता होती, असे त्यांना दिसले. असे लोक अशा वाहिन्यांचे वर्गणीदार होते आणि आपण होऊनच तेथे जात होते. बी कितीही विषारी असले, तरी ओल असल्यावाचून ते रुजत नाही. मनातील कटुता ही या बीजाला लागणारी ओल होय.

क्राइस्टचर्चच्या हल्ल्यातील आणखी एक गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. मारेकऱ्याने आपल्या कृत्याचे दृश्य फेसबुकवरून थेट दाखविले होते. त्या वेळी ते २०० हून कमी लोकांनी पाहिले आणि प्रक्षेपण चालू असताना त्यांपैकी एकानेही तक्रार नोंदविली नाही, असे त्या कंपनीने नंतर जाहीर केले. पुढील २४ तासांत त्या चित्रफितीच्या सुमारे १५ लाख प्रती कंपनीला अडवाव्या वा काढून टाकाव्या लागल्या. द्वेष पसरविणारा एक होता. तो पुढे ढकलणारे हात मात्र असंख्य होते.

या विषावर उपाय कोणता? १९६१ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम मॅकग्वायर नावाच्या मानसशास्त्रज्ञाला एक कल्पना सुचली. रोगाचे दुर्बळ जंतू टोचले असता शरीर खऱ्या रोगाशी लढण्यास सिद्ध होते. मग मनालाही अशी लस का टोचू नये? जेवणानंतर दात घासावेत, यासारख्या सर्वांना मान्य असलेल्या गोष्टी त्याने प्रयोगासाठी घेतल्या. काही जणांना केवळ त्यांच्या बाजूची कारणे सांगितली. काही जणांना विरुद्ध बाजूचे दुबळे आक्षेप व त्यांचे खंडनही ऐकविले. पुढे जोरदार हल्ला झाला, तेव्हा दुसऱ्या गटाची मते अधिक टिकून राहिली.

हीच कल्पना केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यूट्यूबवर वापरली. भडक शब्दांनी मन पेटविणे, सर्व दुःखांचे खापर एका गटाच्या माथी फोडणे, ‘आमच्या बाजूचे नाही ते शत्रू’ असे भासविणे, या युक्त्या उघड करून सांगणाऱ्या छोट्या चित्रफिती त्यांनी तयार केल्या. सुमारे २९ हजार लोकांवर त्यांची परीक्षा झाली आणि २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या पाहणाऱ्यांना फसवणूक ओळखणे अधिक जमू लागले. यूट्यूबवरील चाचणीत ही सुधारणा सरासरी ५ टक्क्यांची, म्हणजे बेताचीच होती. तथापि कोट्यवधी प्रेक्षकांच्या संदर्भात तेवढीही मोलाची ठरते.

हल्ल्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ मे २०१९ रोजी, न्यूझीलंडच्या तत्कालीन पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न व फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी पॅरिस येथे अनेक देशांना व कंपन्यांना एकत्र आणले आणि अशा हिंसक मजकुराला आळा घालण्याचा संकल्प सोडला. मारेकऱ्याचे नाव आपण कधीही उच्चारणार नाही, असे आर्डर्न यांनी संसदेत सांगितले होते. ज्यांचे प्राण गेले त्यांचीच नावे घ्यावीत, असे त्यांनी लोकांना विनविले. आयोगाच्या अहवालालाही ‘हे आपले घर आहे’ अशा अर्थाचे माओरी भाषेतील नाव देण्यात आले.

कायदा, सरकार व यंत्रे यांना आपापले काम करावेच लागेल. परंतु पडद्यावरचा मजकूर पाहताच मनात संताप उसळला असता क्षणभर थांबणारा, ‘हे मला कोण सांगतो आहे, आणि मला चिडवून त्याचा लाभ काय?’ असे विचारणारा मनुष्य द्वेषाच्या पहिल्याच पायरीवर पाय रोवून उभा राहतो. दारात आलेल्या अनोळखी माणसाला ‘बंधू’ म्हणणारे हृदय ज्या समाजात जागे असते, त्या समाजात या विषाला रुजण्यास ओल मिळत नाही.

स्वाध्याय

१. मारेकऱ्याच्या मनात द्वेष कसा झिरपत गेला?
२. २०२० व २०२३ मधील अभ्यासांचे निष्कर्ष तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘द्वेष पसरविणारा एक होता. तो पुढे ढकलणारे हात मात्र असंख्य होते.’ या विधानांचा आशय स्पष्ट करा.
४. ‘खापर माथी फोडणे’ व ‘पाय रोवून उभे राहणे’ या वाक्प्रचारांचा स्वतंत्र वाक्यांत उपयोग करा.