पुडी आजची, हिशेब वीस वर्षांनी

सुरुवातीलाच एक प्रश्न. भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर कोणता? मी वर्गात विचारलं, तर बहुतेकांनी 'फुप्फुसाचा' असं उत्तर दिलं. बरोबर उत्तर आहे, तोंडाचा! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात ओठ व तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण होते. त्यातले सुमारे १ लाख ४४ हजार एकट्या भारतातले. असं का व्हावं?

तंबाखू जिथे, रोग तिथे

पाश्चात्य देशांत तंबाखू मुख्यतः सिगारेटमधून ओढली जाते. आपल्याकडे ती गालात ठेवली जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक तंबाखू खाणारे किंवा मशेरी लावणारे निघाले. ओढणारे फक्त ३.८ टक्के! गालाच्या आतल्या नाजूक त्वचेला तासन् तास नायट्रोसअमाइनसारखी रसायनं लागत राहतात, पेशींचा डीएनए बिघडतो. विडी-सिगारेटचा धूर घसा आणि स्वरयंत्रावरून जातो. त्यात दारूची जोड मिळाली, की धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.

"मी नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्यांनीही खूश होऊ नये. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असं याच संस्थेने जाहीर केलेलं आहे. सुपारीमुळे गालाची त्वचा ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं.

चुन्याची केमिस्ट्री

तंबाखूला चुना का लावतात? फर्स्ट इयरची केमिस्ट्री आठवा. निकोटिनचा पीकेए सुमारे ८. पीएच ७ असताना जेमतेम दहा टक्के निकोटिन मुक्त रूपात असतं. चुन्याने पीएच ९ वर नेला, की तेच नव्वद टक्क्यांवर जातं आणि झपाट्याने रक्तात शिरतं. 'किक' बसते ती यामुळेच. किक जितकी लवकर, तितकी सवय पक्की. शिवाय चुना गालाची त्वचा भाजतो तो वेगळाच.

आजोबांचं उदाहरण

माझा रूम पार्टनर सबमिशनच्या रात्री मावा चघळत म्हणतो, "आमचे आजोबा रोज तंबाखू खायचे, ऐंशी वर्षं जगले!" अरे बाबा, एका रीडिंगवरून ग्राफ काढला तर लॅबमध्ये सर जर्नल फेकून देतील. खाणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर होत नाही हे खरं, पण शक्यता कितीतरी पटींनी वाढते.

खरी फसगत आहे ती 'टाइम लॅग'ची. अमेरिकेत दरडोई सिगारेटचा खप १९६० च्या दशकात शिखरावर होता. पुरुषांमधले फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू शिखरावर पोहोचले १९९० च्या आसपास. इनपुट आज, आउटपुट दोन-तीन दशकांनी! तोंडाच्या कॅन्सरलाही अशीच वर्षं लागतात. म्हणून विशीत 'काहीच होत नाही' असं वाटतं, आणि चाळिशीत, घरची जबाबदारी डोक्यावर असताना, बिल येतं.

पुढे अमेरिकेत धूम्रपान घटलं तसा स्वरयंत्राचा कॅन्सरही घटला. मात्र टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे वाढला. म्हणजे घशाचा प्रत्येक कॅन्सर तंबाखूचाच असतो असं नाही. पण आपल्याकडे मुख्य आरोपी तंबाखू-सुपारीच.

मग करायचं काय?

तोंड हा अवयव आरशात दिसतो, हे आपलं नशीब. केरळमध्ये १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासली. २००५ साली निष्कर्ष आले, तेव्हा तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसले. म्हणून महिन्यातून एकदा आरशासमोर उभे राहा. पांढरा किंवा लाल चट्टा आहे? दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे? आवाज तितकेच दिवस बसलेला आहे? मानेत गाठ लागते? स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी तोंडात जात नाहीत? यातलं एक जरी 'हो' असेल तर डॉक्टर गाठा, गुगल नको.

सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत नंबर आहे. सोडलेल्या दिवसापासून धोका हळूहळू उतरू लागतो, म्हणून 'आता काय उपयोग' असं कुणी म्हणू नये.

आणि सिव्हिलच्या मित्रांना एक प्रॅक्टिकल. २००३ च्या कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. आपल्या गेटपासून टपरीपर्यंत एकदा टेप लावून बघा, आणि रीडिंग प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा!