त्रेपन्न की पन्नास तीन?

मराठीत 'दोन' हा आकडा किती वेश बदलतो, कधी मोजलंय? बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, ब्याऐंशी, ब्याण्णव... बा, ब, बे, ब्या! इंग्रजीत मात्र ट्वेंटी टू असो की नाइन्टी टू, टू हा टूच राहतो. शिवाय आपण एकोणतीस, एकोणचाळीस असं 'एक कमी' करत एकोणनव्वदपर्यंत जातो आणि नव्व्याण्णवला एकदम नियम बदलतो!

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे सुलतानपूरच्या बाजारात दुकानदार काका "सदुसष्ट रुपये दे बेटा" म्हणाले की मी आधी मनात सिक्स्टी सेव्हन करते आणि मग पाकिटात हात घालते. ही झाली माझी गंमत. पण माझी चुलत बहीण गावातच मराठी शाळेत दुसरीला आहे, तिच्यासाठी ही गंमत नाही. मी "त्रेपन्न लिही" म्हटलं, तिने लिहिलं ३५. "अगं, असं का?" तर म्हणते, "ताई, तूच तर आधी तीन म्हणालीस!" खरं तर तिचं लॉजिक बरोबर होतं. कानाला आधी ३ ऐकू येतो, नंतर ५०. हात मात्र आधी ५ लिहायला हवा.

हाच मुद्दा २०१९ साली अख्ख्या महाराष्ट्रात गाजला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्याबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचनही आलं. गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या ज्येष्ठ गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३). त्यांचं म्हणणं साधं होतं : जोडाक्षरांची नावं लहान मुलांना जड जातात, आणि लिहिण्याचा व बोलण्याचा क्रम उलटा असल्याने गोंधळ होतो. कानडी, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधीच बोलतात. पण टीव्हीवर, विधानसभेत, मोबाईलवर विनोदांचा पाऊस पडला. काही आक्षेप मात्र खरोखर विचार करण्यासारखे होते. उदाहरणार्थ, बोलीत 'वीस एक माणसं' म्हणजे अंदाजे वीस! आणि बाजारात तर सगळे सत्तेचाळीसच म्हणणार, मग मुलाने काय करायचं?

आता इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न : मोजून कोणी पाहिलंय का? तर हो, पाहिलंय.

१) जर्मन भाषेतही मराठीसारखंच एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना संख्या सांगून लिहायला लावल्या (२००९), तेव्हा जवळजवळ निम्म्या चुका या उलट्या क्रमाशी संबंधित निघाल्या.

२) चेक भाषेत दोन्ही पद्धती एकत्र नांदतात, म्हणजे आपल्या त्या पुस्तकासारखंच. तिथे त्याच मुलांना दोन्ही पद्धतींनी संख्या सांगितल्या (२०११). एकक आधी म्हटलं की चुका जास्त झाल्या.

३) नॉर्वेने तर १९५१ साली संसदेत ठराव करून क्रमच बदलला. मागणी कोणाची? टेलिफोन खात्याची! आकडे उलटे ऐकून चुकीचे नंबर लागत होते. तरी आजही तिथे जुनी पद्धत बोलणारे लोक आहेत. कायद्याने पुस्तक बदलतं, जीभ लगेच बदलत नाही.

पण इथे एक सावधगिरी हवी. संख्या नीट लिहिता आली म्हणजे गणित आलं असं नाही. पुस्तक बदलल्याने वर्षअखेर मुलांची एकूण प्रगती किती बदलते, हे पाहायला वेगळा प्रयोग लागतो. तो अमेरिकेत झाला. तिथल्या शिक्षण खात्याने गणिताचे चार वेगवेगळे अभ्यासक्रम घेतले आणि ३९ शाळांमध्ये कोणाला कोणता द्यायचा हे चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. म्हणजे 'चांगल्या शाळेने चांगलं पुस्तक निवडलं' हा घोटाळा आपोआप टळला. २००९ च्या अहवालात पहिलीच्या मुलांमध्ये पहिले दोन आणि उरलेले दोन अभ्यासक्रम यांत ९ ते १२ पर्सेंटाइलचा फरक दिसला. एका वर्षात, फक्त अभ्यासक्रमामुळे! पुस्तक ही किरकोळ गोष्ट नाही, हे यावरून पटतं.

आणि आपल्याकडे गरज किती आहे बघा. 'असर' २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीच्या फक्त ३०.७ टक्के मुलांना साधा भागाकार येतो. म्हणजे दहातल्या सात मुलांना येत नाही. यातली काही मुलं पुढे आपल्याच वर्गात बसायला हवी होती. ती बसणार नाहीत, कारण त्यांची गाडी फार आधी, कुठेतरी दशक-एककापाशीच अडलेली असू शकते.

आपण काँक्रीट स्लॅबमध्ये ओततो तेव्हा त्याचे क्यूब भरून ठेवतो आणि २८ दिवसांनी मशीनवर दाबून पाहतो. "माझ्या आजोबांनी असंच काँक्रीट केलं होतं" हे उत्तर लॅबमध्ये चालत नाही. तसंच "नवीन आहे म्हणून चांगलं" हेही चालत नाही. मग लाखो मुलांच्या हातातल्या पुस्तकाला वेगळा न्याय का? काही तालुक्यांत जुनी पद्धत, काही तालुक्यांत दोन्ही, शाळा चिठ्ठीने निवडायच्या आणि दोन वर्षांनी बेरीज-वजाबाकीत कोण पुढे ते पाहायचं. निकाल 'त्रेपन्न'च्या बाजूने लागला तर आनंदाने त्रेपन्न म्हणू! मराठीचा अभिमान दोन्हीकडे शाबूत राहतो, कारण 'पन्नास' आणि 'तीन' हेही मराठीच शब्द आहेत.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. सुटीत गावी जाल तेव्हा घरातल्या दुसरीच्या पोराला दहा संख्या सांगून लिहायला लावा. चुकला तर रागवू नका. त्याला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून द्या आणि विचारा, "त्रेपन्नमध्ये गठ्ठे किती, सुट्या किती?" पाच गठ्ठे आणि तीन काड्या त्याने स्वतः मोजल्या की मग तो त्रेपन्न म्हणो की पन्नास तीन, पाटीवर ५३ च लिहील.